घड्याळापायी मिशी

भोरच्या अमृत दामगुडेचा एकही आठवडा दहाव्याशिवाय जात नसे. मांडव आणि साऊंडचा धंदा असलेल्या माणसाने दहाव्याला जायचंच, त्यात नवल काही नाही. लोखंडी पाइप, पांढरं कापड, दोन भोंगे आणि एक माईक टेम्पोत घालून तो भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून हिंडायचा. पण मांडव उभा राहिला की बाकीचे मांडववाले चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. अमृत मात्र लोकांत मिसळायचा. म्हाताऱ्यांपुढे वाकायचा, त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवायचा. एवढा जिव्हाळा पाहून हा गडी पुढच्या खेपेला जिल्हा परिषदेला उभा राहणार अशी बोलवा उठली, आणि दोन पक्षांची माणसं त्याला जेवायला घालून गेली. अमृतने दोन्ही जेवणं जेवली. तो खरं तर मनगटं तपासत असायचा.

त्याला जुन्या घड्याळांचा नाद होता, आणि त्यातही एकाच जातीच्या. चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन जादा बटणं असलेलं घड्याळ, ज्याला जाणकार क्रोनोग्राफ म्हणतात. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावत सुटतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो, आणि खालचं दाबलं की टुणकन शून्यावर जाऊन उभा राहतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी विमानवाले, तोफखानेवाले, शर्यतीवाले असली घड्याळं बांधत. भोरमध्ये यांपैकी काहीच नाही, पण नाद गाव बघून लागत नसतो. पहिलं घड्याळ त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. घरी येऊन बटण दाबलं तर काही हललंच नाही, कारण आतल्या तीन छोट्या तबकड्या नुसत्या रंगवलेल्या होत्या आणि बटणं शोभेची होती. तिथून पुढे त्याने अभ्यास केला. आता त्याच्याकडे चौतीस चालती घड्याळं होती आणि ती सगळी नूतनने पापडांसाठी घेतलेल्या स्टीलच्या डब्यात राहत होती. पापड पिशवीत गेले होते.

घड्याळं नुसती डब्यात ठेवायची नाहीत, वापरायची, हा त्याचा बाणा होता. आता मांडववाल्याला सेकंदाचा पाचवा भाग कशाला मोजायचा असतो? तर दहाव्याची भाषणं. मयताला श्रद्धांजली वाहायला उभा राहिलेला पुढारी माईक हातात आला की मयताला विसरतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण किती वेळ विसरतो हे फक्त अमृतला ठाऊक होतं. एका पतसंस्थेच्या संचालकाने सदतीस मिनिटं चार सेकंद श्रद्धांजली वाहिली होती. घड्याळातली मिनिटांची तबकडी तिसालाच संपते, त्यामुळे ती बिचारी दुसऱ्यांदा फिरली. सदतिसातला मयताच्या वाट्याला आलेला वेळ एक मिनिट अकरा सेकंद होता, बाकी सगळं रस्त्याचं डांबरीकरण. अमृत हे घरी येऊन नूतनला अशा आनंदाने सांगायचा की ती म्हणायची, अहो, माणूस गेलंय तिथं.

अमृतचे वडील हनुमंततात्या उत्रोलीला राहत. भोरपासून मोटारसायकलवर दहा मिनिटं. बायको गेल्यापासून म्हातारा एकटा होता, एक म्हैस आणि भाताची खाचरं सांभाळून. भोरच्या फ्लॅटमध्ये यायला तयार नव्हता, कारण तिथं थुंकायचं म्हटलं तर दोन जिने उतरावे लागतात. तात्यांनी जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं, आणि पोराच्या घड्याळांचा विषय निघाला की ते म्हशीकडे बघून बोलत. बाप-लेकाचं भांडण म्हणावं तर तेही नव्हतं, कारण भांडायलासुद्धा भेटावं लागतं. नूतन दर गुरुवारी जाऊन डबा द्यायची, गोळ्या संपल्यात का बघायची. अमृत उद्या जातो म्हणायचा. तो खोटं बोलत नव्हता, उद्या जायचं त्याच्या खरंच मनात असायचं.

आणि सहा वर्षांपूर्वी, वेल्ह्याच्या पुढे तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत, लग्नाचा मांडव घालताना त्याला ते मनगट दिसलं. मनगट गेनबांचं. वय ऐंशीच्या घरात, अंगावर मांस नावालाच, आणि त्या काडीसारख्या हातावर घड्याळ असं होतं की अमृतच्या हातातला पाइप सुटून पायावर पडला. साईसारखी पिवळसर झालेली तबकडी, निळे काटे, दोन छोट्या तबकड्या, आणि कडेने मुंगीच्या पायांसारखे बारीक लाल आकडे. ते आकडे अंतराचे होते. लांबवर तोफ उडाली की तिची चमक दिसल्यावर बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं, काटा ज्या आकड्यावर थांबेल तितक्या अंतरावर तोफ. गेनबा तोफखान्यात होते, आणि त्यांच्या साहेबाने बदली होऊन जाताना हे घड्याळ मनगटावरून काढून त्यांना दिलं होतं. इथं वाडीत तोफा नव्हत्या, म्हणून गेनबा ते विजेला लावत. भाताच्या लावणीत वीज चमकली की बटण दाबत, ढग वाजला की पुन्हा दाबत, आणि खाचरातल्या बायांना ओरडून सांगत की अजून कोसभर लांब हाय, चार ओळी होत्यात. बाया पंचायतीच्या भोंग्यापेक्षा गेनबांवर जास्त विश्वास ठेवत.

अमृतने पैशाचं बोलणं काढलं, ते गेनबांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. मग अमृतने दुसरा मार्ग धरला. महिन्यातून एकदा, दीड तासाची वाट तुडवून, तो वाडीला जायला लागला. कधी तंबाखू घेऊन, कधी शेव, कधी रेडिओचे सेल. जायचं, ओट्यावर बसायचं, घड्याळाला चावी द्यायची परवानगी मागायची, ती मिळायची, आणि मग दोन तास गेनबांच्या तोफा ऐकायच्या. त्याच तोफा, त्याच क्रमाने. सहा वर्षांत अमृतला त्या इतक्या पाठ झाल्या की गेनबा विसरले तर तो पुढचं वाक्य सांगायचा. वाडीतले लोक म्हणत, पोटचा पोरगा एवढं करत नाही. अमृतला हे ऐकून बरं वाटायचं, आणि मग घड्याळाकडे बघून आणखी बरं वाटायचं.

गेनबांना पोटचा पोरगा नव्हताच. एक मुलगी, फुलाबाई, सारोळ्याला दिलेली, हायवेला वडापावची गाडी चालवायची. आणि एक पुतण्या, भिमा, ज्याचा डोळा जमिनीवर होता. गेनबांनी जमीन मुलीच्या नावे करून टाकली आणि त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळापुढे दहा माणसांत सांगून टाकलं, की माझे दिवस जो घालील त्याचं घड्याळ, आणि माझ्या मनात अमृत आहे. कोणी नसलंच, तर भावकीला जाईल. भिमा त्यावर जे बोलला ते वाडीत अजून सांगतात.

"जमीन लेकीला, घड्याळ मांडववाल्याला, आन् टकुरं भादरायचं म्या?"

गेनबा भाताची कापणी झाल्यावर गेले, पहाटे, झोपेतच. फुलाबाईचा फोन आला तेव्हा अमृतला आधी धक्का बसला, मग वाईट वाटलं, आणि मग घड्याळ आठवलं. तिन्ही गोष्टी चप्पल घालेपर्यंत उरकल्या. त्याची लाज वाटायला त्याला वेळ मिळाला नाही, कारण टेम्पोत पाइप भरायचे होते. वाडीवर पोचला तेव्हा फुलाबाईने घड्याळ बापाच्या हातावरून काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतं. आग अमृतने दिली. मांडवही त्यानेच घातला, आणि त्याचं भाडं घेतलं नाही. घरी नूतनला त्याने सांगितलं, केस काढावे लागतील, पण केसांचं काय, परत येतात. तात्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायचं काय, हाच प्रश्न होता.

दहाव्याच्या सकाळी कानंदी नदीच्या काठी न्हाव्याने त्याचं डोकं भादरून दिलं आणि वस्तरा ओठावर आणून थांबवला. वडील आहेत का, असं त्याने विचारलं. आहेत म्हटल्यावर त्याने वस्तरा मिटला. बाप हयात असेल त्याची मिशी उतरवायची नसते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. इथं भिमा पुढे सरकला. तो दहा दिवस याच घटकेची वाट बघत होता. लेकाच्या नात्याने दिवस घालायचे तर पुरते घाला, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, अर्धे दिवस भाडोत्री माणसं घालतात, आणि तसं असेल तर घड्याळ भावकीचं. फुलाबाई म्हणाली, आबांना मिशीचं काही नव्हतं. काठावरच्या जाणत्यांनी घसे खाकरले. बाजू कोणीच घेतली नाही.

अमृतने फुलाबाईच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. बाप जिवंत असताना मिशी उतरवणं म्हणजे बापाला जितेपणी पोचवणं, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक होतं. पण तात्या उत्रोलीत, आपण वेल्ह्यात, मधे दीड तासाची वाट, आणि मिशी पंधरा दिवसांत उगवते. त्याने न्हाव्याला सांगितलं, काढ. न्हाव्याने तीनदा विचारलं आणि मग काढली.

पिंडाला कावळा चटकन शिवला. नेमका किती सेकंदांत ते हातात घड्याळ नसल्याने कळलं नाही, आणि याची अमृतला तिथंही चुटपुट लागली. जेवणं झाल्यावर फुलाबाईने पदराची गाठ सोडली आणि घड्याळ त्याच्या हातात ठेवलं.

"आबा म्हनायचं, घड्याळ इकलं तर ह्यो परत यायचा न्हाई. म्हनून इकलं न्हाई त्यांनी." ती हसली आणि तिने डोळे पुसले. "येत जा तरी बी."

अमृत हो म्हणाला. त्याचा अंगठा तेव्हा वरच्या बटणावर होता आणि निळा काटा पळत होता.

भोरला येऊन तो पाइप उतरवायला गोदामावर गेला. शेजारी पप्पूचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसापासून निधनापर्यंत तालुक्याचं सगळं आयुष्य पप्पूच्या मशीनमधून छापून निघतं. पप्पूने अमृतचं डोकं पाहिलं, मग ओठ पाहिला. आपल्याकडे डोकं भादरलेल्या माणसाला कोण गेलं म्हणून विचारत नाहीत, आपल्याला आधीच कळायला हवं होतं म्हणून मनातल्या मनात लाजतात. पप्पूही लाजला. त्याने अमृतच्या खांद्यावर हात ठेवला, अमृतला वाटलं गेनबांची बातमी इथवर आली, त्याने मान हलवली. पप्पूचा तर्क चोख होता. मिशी गेली म्हणजे बाप गेला, आणि केस गेले म्हणजे विधी उरकला. त्याने अमृतच्या भाचीच्या लग्नातला तात्यांचा फोटो शोधून काढला, कडेने झेंडूची माळ लावली आणि भोरच्या सगळ्या ग्रुपवर टाकून दिला. पैसे मागायचे नाहीत असंही त्याने मनाशी ठरवलं.

घरी नूतनने दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. मिशीचं बोलला नव्हतात तुम्ही, असं ती म्हणाली. मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता उत्रोलीला जा आणि मामांना स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळलं तर जन्माचं राहील. अमृत म्हणाला, उद्या. मग फोनचा आवाज बंद करून तो पापडाचा डबा घेऊन बसला.

सकाळी उठून बघतो तर फोनवर दोनशेच्या वर निरोप. भावपूर्ण श्रद्धांजली, दामगुडे परिवाराच्या दुःखात सहभागी. गेनबांसाठी एवढे लोक हळहळले हे पाहून अमृतला भरून आलं. त्याने बऱ्याच जणांना हात जोडलेल्या चिन्हाने आभारही कळवले. मग वर सरकत सरकत तो फोटोपाशी आला. झेंडूच्या माळेतून तात्या त्याच्याकडे बघत होते.

नूतनला मागे बसवून तो सुटला, गेनबांचं घड्याळ मनगटावर तसंच. दहा मिनिटांची वाट सातात संपली. घरापुढे तीन चारचाक्या, एक टेम्पो आणि मोटारसायकलींची रांग होती. अंगणात तीसेक माणसं होती, आणि ओट्यावर पोत्याच्या घडीवर तात्या बसले होते. जिवंत. पहाटे पहिली गाडी आली तेव्हा शेजारची माणसं धावत आली आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागली, तेव्हा तात्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "मी, असं म्हनत्यात."

आलेल्यांची मोठी पंचाईत झाली होती. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कोणी पिठलं-भाकरी आणली होती, कोणी डबाभर भात. माणूस जिवंत निघाला म्हणून ते परत न्यायचं कसं, आणि दारात आलेल्यांना तात्या चहा पाजल्याशिवाय सोडतील कसे? तेव्हा सगळे बसले होते. एक पुढारी तर श्रद्धांजलीची तयारी करूनच आला होता. ती वाया जाऊ नये म्हणून त्याने हनुमंततात्या किती भले 'होते' हे तात्यांच्या तोंडावर सांगितलं, आणि शेवटी त्यांना दीर्घायुष्य चिंतलं. पुढारी बसला आणि मग एकेकाला खरोखरच आठवायला लागलं. कुणाची अडलेली म्हैस तात्यांनी सोडवली होती. कुणाच्या आईला पुरात खांद्यावर घेऊन ओढा पार केला होता. अमृत फाटकाशी उभा राहून ऐकत होता. यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. गेनबांच्या तोफा मात्र क्रमाने पाठ होत्या.

मग कोणाचं तरी लक्ष गेलं, आणि सगळ्यांचे चेहरे फाटकाकडे वळले. तात्यांनी मान वर केली. भादरलेलं डोकं पाहिलं. उघडा ओठ पाहिला. त्यांचा स्वतःचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला आणि खाली आला. त्यांनी त्याला जवळ बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. अमृत जाऊन ओट्याखाली पायरीवर बसला.

कोणासाठी, असं तात्यांनी विचारलं. अमृतने सांगितलं. गेनबा, वाडी, तोफा, अट, भिमा. सगळं खरं सांगितलं, घड्याळासकट, कारण एवढ्या लोकांत खोटं सुचेना. तात्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ बराच वेळ न्याहाळलं. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हशीकडे न बघता घड्याळाकडे बघत होते.

"म्हैन्याला जात व्हतास त्येच्याकडं?"

"व्हय."

"सा वर्सं?"

"व्हय, तात्या."

"आन् हितं कवा आलतास?"

अमृतने आठवून पाहिलं. दिवाळीला येणार होता, मांडवांची गर्दी होती. गणपतीत येणार होता. त्याच्या आधीचं त्याला आठवेना. नूतन उभी होती तिथून खाली बघायला लागली. तात्यांनी त्याचं मनगट सोडलं नव्हतं. रागावलेले नव्हते ते, तेच वाईट होतं. बाजारात नवीन विळ्याचा भाव विचारावा तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं.

"मी बी एक घिऊ का घड्याळ?"

 गेनबांच्या चितेपाशी अमृतला रडू आलं नव्हतं, दहाव्यालाही नाही, आणि आता तीस माणसांत तो बापाच्या गुडघ्याला डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. लाज वाटत होती, पण थांबता येत नव्हतं. माणसं चहाच्या कपात बघत राहिली.

तेवढ्यात फाटकातून बाळाबाई आली. अमृतच्या आईची चुलत बहीण, वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यावर भाकरीची पाटी. तिला भादरलेलं डोकं तेवढं दिसलं. पाटी उतरवून ती चाचपडत पुढे आली, अमृतच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रड, लेकरा, रड. बाप व्हता तुजा."

पुढारी तिला काही सांगायला उठला. तात्यांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"रडू द्या त्येला," ते म्हणाले. "माज्यासाटीच रडतुया."